अंगावर पाजताय? सनस्क्रीन लावा, फक्त ट्यूबच्या मागचं वाचून

गरोदरपणात उठलेले वांग अजून गालांवर आहेत आणि घरात कुणीतरी म्हणतं, "बाळ अंगावर पितंय, तोंडाला काही फासू नकोस." सनस्क्रीनच्या बाबतीत हे ऐकू नका. उन्हाने वांग आणखी गडद होतात.

ट्यूब उलटी करून घटक वाचा. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं घ्या. हे खनिज कण कातडीवरच राहतात, रक्तात जवळजवळ उतरत नाहीत. काही सनस्क्रीनमध्ये असणाऱ्या ऑक्सिबेन्झोन या रसायनाचं तसं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या (एफडीए) २०१९च्या चाचणीत ते रक्तात सापडलं. आईच्या दुधातही त्याचा अंश आढळलाय. बाळाला त्याने अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण दुसरं सहज मिळत असताना ते हवंय कशाला? (खनिजवालं पांढरट दिसतं, हे खरं. मग टिंटेड घ्या, त्यातलं आयर्न ऑक्साइड वांगांसाठी चांगलंच.)

छातीवर लावलं असेल तर पाजण्याआधी ओल्या फडक्याने पुसा. बाळ कुशीत असताना स्प्रे नको, तो श्वासात जातो.

सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र सनस्क्रीन नाही. टोपडं, सुती झबलं आणि सावली. आणि वांग घालवणारं हायड्रोक्विनोनचं क्रीम कातडीतून बरंच शोषलं जातं, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.