‘चर्या’ म्हणजे चेहरा नव्हे

संशोधनासाठी जुनी मराठी कादंबरी वाचायला घेतलीत की ‘चर्या’ हा शब्द भेटतोच. ‘त्याची चर्या पालटली’ म्हणजे त्याचं वागणं बदललं, असं समजू नका. संस्कृतात चर्या म्हणजे आचरण. ‘दिनचर्या’, ‘ऋतुचर्या’ यांत तोच अर्थ आहे. मराठीत मात्र हा शब्द एकटा आला की बहुधा चेहऱ्यावरचा भाव. चेहरेपट्टी जन्माची असते. चर्या क्षणात उतरते. त्यामुळे टिपणात ‘चेहरा’ लिहिलंत तर पात्राच्या मनाची खूण हरवते, ‘आचरण’ लिहिलंत तर निष्कर्षच चुकतो. शंका आली तर आधी सोबतचं क्रियापद बघा, मग मोल्सवर्थचा १८५७चा कोश उघडा. जुन्या शब्दाला त्याच्या काळाजवळचा कोश बरा.