आगमनाची तारीख आणि कर्तव्याची सीमा : मुंबई उपनगरांतील स्थलांतराचा नैतिक विचार

प्रस्तावना

परक्या माणसाविषयी आपले कर्तव्य कोणते आणि ते कोठवर पोहोचते, हा नीतिशास्त्रातील एक जुना प्रश्न होय. अलीकडच्या काळात तो मुख्यतः राष्ट्रांच्या सीमांच्या संदर्भात मांडला जातो. श्रीमंत देशांनी गरीब देशांतील स्थलांतरितांना प्रवेश द्यावा काय, निर्वासितांची जबाबदारी कोणाची, अशी त्याची रूपे आपल्या परिचयाची आहेत. तथापि अंधेरी, बोरिवली, घाटकोपर वा मुलुंड येथे राहणाऱ्या आणि अध्यापन करणाऱ्या व्यक्तीला हा प्रश्न समजून घेण्यासाठी देशाबाहेर जाण्याचे कारण नाही. येथे एका भारतीय नागरिकाचा दुसऱ्या भारतीय नागरिकावरील हक्क तो शहरात केव्हा आला यावरून ठरविला जातो. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या व्यवहारात रूढ झालेली 'कट-ऑफ डेट' ही या अर्थाने शहराची अंतर्गत सीमाच आहे. प्रशासकीय सोय म्हणून तिचे समर्थन करता येत असले, तरी नैतिक निकष म्हणून ती टिकते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

या विषयावरील आधुनिक चर्चेत तीन भूमिका विशेष महत्त्वाच्या आहेत. पीटर सिंगर यांचा १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला दुष्काळ, संपन्नता आणि नैतिकता यांविषयीचा निबंध पूर्व बंगालमधील १९७१ च्या संकटाच्या पार्श्वभूमीवर लिहिलेला होता. आपल्या दृष्टीने तितकेच मोलाचे काही न गमावता एखादे मोठे अनिष्ट टाळता येत असेल, तर ते टाळणे हे आपले कर्तव्य आहे आणि अंतरामुळे ते कमी होत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

मायकेल वॉल्झर यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात वेगळी भूमिका घेतली. कोणाला सदस्य करून घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार समाजाला आहे, असे ते मानतात. परंतु ज्यांना श्रमासाठी आत घेतले, त्यांना कायम सदस्यत्वाबाहेर ठेवण्याचा अधिकार मात्र ते नाकारतात. युरोपातील 'पाहुण्या कामगारां'चे उदाहरण घेऊन त्यांनी असे दाखविले की, माणसांचे श्रम स्वीकारून त्यांना समतेचे स्थान नाकारणारी व्यवस्था ही एक प्रकारची जुलमी सत्ताच ठरते.

जोसेफ कॅरेन्स यांनी १९८७ मध्ये जन्मस्थानावर आधारित नागरिकत्वाची तुलना सरंजामशाहीतील जन्मजात विशेषाधिकाराशी केली. पुढील लेखनात त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. एखाद्या समाजात प्रत्यक्ष राहून, काम करून, नाती जोडून माणूस त्याचा घटक बनतो. त्यामुळे जसजसा काळ जातो तसतसा त्याचा नैतिक दावा बळकट होतो, मग त्याचा प्रवेश विनापरवाना असो.

या तिन्ही भूमिका परस्परांशी सहमत नाहीत. मात्र वॉल्झर आणि कॅरेन्स यांच्यासारखे विरोधी विचारवंत एका बाबतीत जवळ येतात: श्रम आणि सहवास यांतून कर्तव्य निर्माण होते. उपनगरांतील वास्तव याच कसोटीवर पाहणे उचित ठरेल.

ऑल्गा टेलिस निकाल : दोन तत्त्वे

भारतीय राज्यघटनेच्या कलम १९(१) मधील (ड) व (ई) या उपखंडांनुसार देशात सर्वत्र संचार करण्याचा आणि कोठेही वास्तव्य करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे. तरीही जुलै १९८१ मध्ये मुंबईतील पदपथावरील रहिवाशांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याचा निर्णय राज्य शासनाने जाहीर केला. त्यातून उद्भवलेल्या ऑल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्याचा निकाल सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी दिला.

या खटल्यातील अर्जदारांपैकी एक तमिळनाडूतील सेलमहून, तर दुसरा अहमदनगर जिल्ह्यातील संगमनेरहून आलेला होता. म्हणजेच शहराच्या दृष्टीने 'परका' असण्याचा संबंध केवळ प्रांताशी वा भाषेशी नव्हता. पार्ल्यानजीकची कामराज नगर ही वस्ती १९६०-६१ च्या सुमारास वसल्याचे आणि पश्चिम द्रुतगती मार्गालगत जलवाहिन्या टाकणाऱ्या मजुरांशी तिचा संबंध असल्याचे अर्जदारांनी मांडले होते. ज्या मार्गाने आज अंधेरीहून बोरिवलीकडे वाहतूक होते, त्याच्या जोडरस्त्यावरील अतिक्रमण म्हणून पुढे या झोपड्या हटविण्यायोग्य ठरल्या. श्रमाचे फळ सार्वजनिक झाले आणि श्रमिक मात्र अतिक्रमणकर्ता ठरला, हा विरोधाभास येथे स्पष्ट दिसतो.

उपजीविकेचा हक्क हा कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने मान्य केले. त्याचबरोबर सार्वजनिक जागेवर कायमचे राहण्याचा हक्क कोणासही नाही, असेही म्हटले. आपल्या विषयाच्या दृष्टीने या निकालातील दोन तरतुदी लक्षणीय आहेत. १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, ही पहिली. वीस वा त्याहून अधिक वर्षे अस्तित्वात असलेल्या आणि सुधारणा झालेल्या वस्त्या सार्वजनिक प्रयोजनाची निकड असल्याखेरीज हटवू नयेत आणि तशी निकड असल्यास पर्यायी जागा द्यावी, ही दुसरी. पहिल्या तरतुदीत तारीख गोठलेली आहे, तर दुसरीत काळ चालता आहे. पहिलीनुसार १९७७ मध्ये आलेला माणूस पन्नास वर्षांनीही अपात्रच राहतो. दुसरीचे तत्त्व व्यक्तीला लावल्यास त्याचा दावा दरवर्षी वाढत जातो. पुढील धोरणाने प्रामुख्याने पहिला मार्ग स्वीकारला.

गोठलेल्या तारखेचे परिणाम

१९७६ नंतर ही तारीख वेळोवेळी पुढे सरकली. १ जानेवारी १९९५ हा दिनांक दीर्घकाळ निर्णायक राहिला. २०१४ मध्ये तो १ जानेवारी २००० करण्यात आला. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकांसाठी सशुल्क पुनर्वसनाची तरतूद झाली आणि २०२३ मध्ये त्याचे मूल्य अडीच लाख रुपये ठरविण्यात आले. तारीख वारंवार बदलावी लागते, यातूनच ती कोणत्याही तत्त्वावर आधारलेली नाही हे सूचित होते. तिची मुदतवाढ हक्क म्हणून होत नाही, बहुधा निवडणुकीच्या तोंडावरील अनुग्रह म्हणून होते.

या धोरणाचे सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण बोरिवली ते मुलुंड असे पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या वनक्षेत्रात विहार व तुळशी हे शहराला पाणी पुरविणारे तलाव आहेत. उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध पर्यावरणवादी संस्थेने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये आदेश दिला. १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा असणाऱ्यांनी सात हजार रुपये भरल्यास त्यांचे पुनर्वसन व्हावे आणि उरलेल्यांना हटवावे, असे ठरले. प्रारंभी कल्याणजवळची जागा सुचविण्यात आली. दीर्घ संघर्षानंतर अंधेरी पूर्वेकडील चांदिवली येथे संघर्ष नगर ही वसाहत उभी राहिली. ज्यांच्याजवळ पुरावा नव्हता वा रक्कम भरण्याची ऐपत नव्हती, ते या योजनेबाहेर राहिले. कागद न जपू शकणारा माणूस बहुधा अधिक गरीब असतो. त्यामुळे काळाचा निकष व्यवहारात संपत्तीचा निकष बनला.

याच वनात वारल्यांसारख्या आदिवासींचे पाडे शहरापूर्वीपासून आहेत. आगमनाची तारीख विचारणाऱ्या व्यवस्थेत, जो कोठून आलाच नाही त्यालाही पुरावा मागितला जातो, ही या निकषाची आणखी एक मर्यादा होय.

आक्षेपांचा विचार

याविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात आणि ते गांभीर्याने घ्यावयास हवेत. पहिला, तारीख नसेल तर अतिक्रमणास उत्तेजन मिळेल. दुसरा, पाणी, जमीन व वन ही साधने मर्यादित आहेत. तिसरा, भाडे वा कर्जाचे हप्ते भरून राहणाऱ्या निम्नमध्यमवर्गीयांवर हा अन्याय आहे.

यांतील दुसरा आक्षेप राष्ट्रीय उद्यानाबाबत निश्चितच ग्राह्य आहे. परंतु त्यातून 'येथे राहू नये' एवढेच सिद्ध होते, 'कोठेच राहू नये' हे नव्हे. पहिल्या आक्षेपाचे उत्तर असे की, लोक मुंबईत फुकट घरासाठी येत नाहीत, कामासाठी येतात. भाड्याने परवडणारी घरे नसताना दिलेली तारीख त्यांना रोखत नाही, केवळ असुरक्षित ठेवते. तिसरा आक्षेप वस्तुतः मोफत मालकीविरुद्ध आहे, निवाऱ्याविरुद्ध नाही. वास्तव्याच्या वर्षांनुसार क्रमाने वाढणारे हक्क, म्हणजे प्रथम पाणी व शिधा, नंतर विनानोटीस निष्कासनापासून संरक्षण, पुढे भाडेतत्त्वावरील घर, ही रचना या आक्षेपाला अधिक न्याय देऊ शकेल.

दुसऱ्या बाजूने पाहताना

अध्यापकवर्गासाठी या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. आपल्या उपनगरांतील अनेक कुटुंबांची मुले अमेरिकेत नोकरी करतात. तेथील कायम वास्तव्याच्या परवान्यांवर प्रत्येक देशासाठी सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीय अर्जदारांना दीर्घकाळ तिष्ठावे लागते आणि अर्जाशी जोडलेल्या तारखेवर त्यांचा क्रम ठरतो. 'आमची मुले तेथे काम करतात, कर भरतात, त्यांची अपत्ये तेथे वाढली, मग त्यांना अधांतरी का ठेवावे?' हा या कुटुंबांचा प्रश्न रास्त आहे. तो कॅरेन्स यांचाच युक्तिवाद आहे. संगणक अभियंता आणि बांधकाम मजूर यांच्या हलाखीची बरोबरी होऊ शकत नाही. पण युक्तिवाद एकच असेल, तर तो अन्यत्र मांडणारा माणूस घाटकोपरच्या टेकडीवरील रहिवाशाला तो नाकारू शकत नाही. सुसंगती ही नैतिक विचाराची किमान अट होय.

समारोप

मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर हजारो श्रमिक मुंबईहून पायी निघाले. १४ एप्रिल रोजी वांद्रे स्थानकाबाहेर मोठा जमाव जमला आणि १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या. ज्यांच्यावर शहर चालत होते त्यांच्याजवळ त्या शहरात शिधापत्रिकाही नव्हती, हे तेव्हा सर्वांनी पाहिले. २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'एक देश, एक शिधापत्रिका' योजना सर्व राज्यांनी ३१ जुलैपर्यंत अमलात आणावी, असा आदेश दिला. या आदेशाचे तात्त्विक महत्त्व असे की, त्यात हक्क माणसाबरोबर प्रवास करतो. तो केव्हा आला, हे विचारले जात नाही.

अन्नाबाबत जे तत्त्व मान्य झाले ते निवाऱ्याबाबत तसेच्या तसे लागू करणे कठीण आहे, कारण धान्याप्रमाणे जमीन हलविता येत नाही. तथापि दिशा तीच असावयास हवी. ज्याचे श्रम आपण स्वीकारले, त्याच्याविषयीचे कर्तव्यही आपण स्वीकारले आहे. हे कर्तव्य कोणत्या क्रमाने व कोणत्या साधनांनी पार पाडावे, हा धोरणाचा प्रश्न आहे. ते आहे की नाही, हा प्रश्न मात्र १ जानेवारीच्या कोणत्याही तारखेवर सोडता येणार नाही.