डूब्रॉव्हनिक

डूब्रॉव्हनिक : क्रोएशियातील एक ऐतिहासिक नगर, बंदर व भूमध्य सागरी परिसरातील विख्यात पर्यटनकेंद्र. जुने नाव रगूझा. लोकसंख्या ४१,५६२ (२०२१). भूमध्य समुद्राचा फाटा असलेल्या एड्रिॲटिक समुद्रावर, डाल्मेशिया किनाऱ्याच्या दक्षिण भागात, ४१२ मी. उंचीच्या सर्ज डोंगराच्या पायथ्याशी ते वसले आहे. हवामान भूमध्य सागरी असून उन्हाळा कोरडा व हिवाळा सौम्य, पण पावसाळी असतो. सरासरी तपमान जानेवारीत सु. ९° से. व जुलैत सु. २५° से. असते. शहरात रेल्वे नाही. बॉस्नियाकडून येणारी अरुंदमापी रेल्वे १९७६ मध्ये बंद झाली. प्रवासी सु. २० किमी.वरील चिलिपी विमानतळावरून, ग्रूझ बंदरातून वा किनारी सडकेने येतात. २०२२ मध्ये पेल्येशात्स पूल खुला झाल्यापासून, बॉस्निया-हेर्ट्सगोव्हीनाच्या चिंचोळ्या किनारपट्टीतून न जाता उर्वरित क्रोएशियातून येथे पोहोचता येते.

इतिहास : परंपरेनुसार सातव्या शतकात एपिडॉरम (विद्यमान त्साव्हतात) या उद्‌ध्वस्त नगरीतील निर्वासितांनी येथे वसाहत केली. १२०५ ते १३५८ या काळात नगर व्हेनिसच्या अंमलाखाली होते. पुढे हंगेरीचे नाममात्र आधिपत्य व नंतर ऑटोमन सुलतानाला खंडणी देऊन या छोट्या व्यापारी प्रजासत्ताकाने आपले स्वातंत्र्य राखले. शस्त्रबळापेक्षा मुत्सद्देगिरी, जहाजे आणि तटबंदी यांवर त्याची भिस्त होती. रोगाची साथ असलेल्या प्रदेशांतून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर वेगळे ठेवण्याचा नियम त्याने १३७७ मध्ये केला. हा विलग्नवासाच्या आद्य कायद्यांपैकी एक होय. १४१६ मध्ये गुलामांच्या व्यापारावर त्याने बंदी घातली. ६ एप्रिल १६६७ रोजीच्या भूकंपात नगराचा बहुतेक भाग कोसळून सु. पाच हजार लोक मृत्युमुखी पडले. १८०८ मध्ये फ्रेंचांनी प्रजासत्ताक बरखास्त केले. त्यानंतर ऑस्ट्रियाचा अंमल, १९१८ पासून यूगोस्लाव्हिया व १९९१ पासून स्वतंत्र क्रोएशिया असा नगराचा राजकीय प्रवास झाला. नाटककार मारिन द्रझिच (१५०८–६७), कवी इव्हान गुंदुलिच (१५८९–१६३८) व शास्त्रज्ञ रूज्येर बोश्कोव्हिच (१७११–८७) हे येथीलच होत.

प्रेक्षणीय स्थळे : नगराचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे त्याचा अखंड तट. त्याची लांबी १,९४० मी. असून काही ठिकाणी उंची २५ मी.पर्यंत आहे. जमिनीकडील बाजूस भिंत चार ते सहा मी. जाड आहे. यांवरून संपूर्ण नगराला प्रदक्षिणा घालता येते. तीस साधारणतः दीड-दोन तास लागतात. वाटेवर सावली क्वचितच असल्याने उन्हाळ्यात सकाळी लवकर वा सायंकाळी जाणे सोयीचे ठरते. वायव्य कोपऱ्यातील मिंचेता बुरूज यूराय डाल्मातिनात्स याने १४६४ मध्ये पूर्ण केला. पश्चिमेस तटाबाहेर समुद्रातील खडकावर लोव्हरियेनात्स हा स्वतंत्र किल्ला असून त्याच्या प्रवेशद्वारावर स्वातंत्र्याची महती सांगणारा लॅटिन लेख कोरलेला आहे.

पीले या पश्चिम दरवाजातून आत येताच १४३८ मध्ये बांधलेले ओनोफ्रिओचे सोळा बाजूंचे मोठे कारंजे लागते. सु. १२ किमी.वरील झऱ्याचे पाणी नळमार्गाने नगरात आणले होते, त्याचा हा शेवट होय. येथून सु. ३०० मी. लांबीचा स्त्रादून हा फरसबंद राजमार्ग सुरू होतो. मूळ खडकाळ वसाहत व मुख्य भूमी यांमधील दलदलीची खाडी बुजवून तो तयार झाला. दुतर्फा दिसणारी एकसारखी दगडी घरे भूकंपोत्तर पुनर्रचनेची आहेत. मार्गाच्या पूर्व टोकाला ओर्लांदोचा स्तंभ (१४१८) आहे; त्यावरील वीरपुरुषाच्या कोपरापासून हातापर्यंतची सु. ५१ सेंमी. लांबी हे कापडाच्या व्यापारात प्रमाण माप मानीत. जवळच भूकंपातून बचावलेला स्पोंझा प्रासाद असून त्यात प्रजासत्ताकाची कागदपत्रे जतन केली आहेत. रेक्टर या राज्यप्रमुखाची मुदत अवघी एक महिना असे व त्या काळात त्याला आपल्या प्रासादातच राहावे लागे. खाजगी बाबी विसरून सार्वजनिक कार्य पाहावे, अशा अर्थाचा लेख त्या प्रासादात आहे. फ्रान्सिस्कन मठातील औषधालय १३१७ पासूनचे आहे. यांशिवाय बरोक शैलीतील कॅथीड्रल, डोमिनिकन मठ, जुने सिनॅगॉग व प्लोचे दरवाजाबाहेरील लाझारेती ही विलग्नवासाची इमारत प्रेक्षणीय आहे.

नगराचा रक्षक संत ब्लेझ याचे चर्च १७१५ मध्ये पूर्ण झाले. त्यातील संताच्या रुपेरी मूर्तीच्या हातात भूकंपपूर्व नगराची प्रतिकृती असल्याने तिला ऐतिहासिक साधनाचेही मोल आहे. गोव्यात गवंडाळी येथे याच संताच्या नावाचे चर्च असून रगूझाच्या व्यापाऱ्यांशी त्याचा संबंध जोडला जातो.

मनोरंजन : ३ फेब्रुवारीच्या संत ब्लेझच्या उत्सवात आसपासच्या गावांतील लोक निशाणे घेऊन नगरात येतात. हा उत्सव २००९ मध्ये यूनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. १९५० पासून १० जुलै ते २५ ऑगस्ट या काळात होणाऱ्या ग्रीष्म महोत्सवात प्रासादांची प्रांगणे, चौक व किल्ले हीच रंगस्थळे होतात. लोव्हरियेनात्सवरील हॅम्लेट चे प्रयोग विशेष गाजले. सर्जच्या माथ्यावर जाणारा रज्जुमार्ग १९६९ मध्ये सुरू झाला; तो युद्धात नष्ट होऊन २०१० मध्ये पुन्हा चालू झाला. तटालगतची बान्ये पुळण गोट्यांची आहे. अनेक जण खडकांवरूनच समुद्रात उतरतात. वॉटर पोलो हा येथील आवडता खेळ असून यूग हा नामांकित क्लब १९२३ मध्ये स्थापन झाला.

जुन्या बंदरातून होडीने लोक्रुम बेटावर जाता येते. तेथे बेनेडिक्टाइन मठाचे अवशेष व वनस्पतिउद्यान असून मुक्कामास परवानगी नाही. एलाफिती बेटांपैकी लोपुदची शून्य नावाची वालुकामय पुळण पोहण्यास सोयीची आहे. त्र्स्तेनो येथील प्राचीन उद्यान व प्रचंड चिनारवृक्ष, स्तोनची तटबंदी व मिठागरे आणि माली स्तोनची कालवे यांसाठीही प्रवासी जातात.

संरक्षण व समस्या : जुने नगर १९७९ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरले. तरीही ऑक्टोबर १९९१ पासून यूगोस्लाव्ह सैन्याने त्याला वेढा घातला. पाणी व वीज तोडण्यात आली. ६ डिसेंबर १९९१ रोजी सर्वांत तीव्र तोफमारा झाला. जुन्या नगरातील ८२४ इमारतींपैकी ५६३ इमारतींना तोफगोळे लागले व नऊ प्रासाद जळाले. या हल्ल्याबद्दल हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००४ व २००५ मध्ये दोन सेनाधिकाऱ्यांना शिक्षा दिल्या. यूनेस्कोच्या साहाय्याने पारंपरिक साहित्य वापरून पुनर्बांधणी झाली आणि १९९८ मध्ये नगराचे नाव धोक्यातील वारशाच्या यादीतून वगळण्यात आले. तटावरून पाहताना जुन्या फिकट कौलांमध्ये दिसणारी गडद तांबडी नवी कौले त्या हानीचा विस्तार दाखवितात.

त्यानंतरचे संकट समृद्धीतून आले. प्रवासी जहाजे व २०११ नंतर येथे चित्रित झालेली गेम ऑफ थ्रोन्स ही दूरचित्रवाणी मालिका यांमुळे गर्दी अतोनात वाढली. घरांची पर्यटकनिवासे झाली, दैनंदिन गरजेची दुकाने घटली आणि अनेक रहिवासी तटाबाहेर राहावयास गेले. २०१९ मध्ये जहाज-कंपन्यांच्या संघटनेशी झालेल्या करारानुसार एका वेळी दोन जहाजे व सु. चार हजार प्रवासी अशी मर्यादा ठरविण्यात आली. भूकंप व तोफमारा यांतून सावरताना दगड पुन्हा रचता आले. परंतु गुंदुलिच चौकातील सकाळचा भाजीबाजार, शाळा व शेजार यांनी बनलेले नगरजीवन केवळ बांधकामाने टिकत नाही. म्हणून वास्तूंइतकेच रहिवाशांचे वास्तव्य टिकविणे, हा आता येथील वारसासंरक्षणाचा मुख्य प्रश्न झाला आहे.