सेवकाची पहिली इयत्ता

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी हे गाव आहे. संत नामदेवांचे हे जन्मस्थान, अशी परंपरा आहे. नामदेव पुढे पंजाबात गेले आणि घुमान येथे त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले, असे मानितात. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. ती मराठीत नसून उत्तरेकडील लोकभाषेत आहेत. परमुलखात राहावयाचे, तर तेथील लोकांची वाणी आपल्या जिभेवर बसवावी लागते, हे त्या काळीही चुकले नव्हते.

आज नरसीच्या परिसरातील एखादा सुशिक्षित तरुण सेवाकार्यास्तव दूर रानात जावयास निघाला, तर त्याच्यापुढे हीच अडचण उभी राहील. त्यासाठी प्रांताची सीमाही ओलांडावयास नको. महाराष्ट्राच्या पूर्व टोकास, भामरागडाजवळ, हेमलकसा आहे. हा भाग आता गडचिरोली जिल्ह्यात मोडतो. तेव्हा तो चंद्रपूर जिल्ह्यात होता. तेथे डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. शस्त्रक्रियेचे उच्च शिक्षण अर्धवट सोडून त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश तेथे राहावयास गेले. भूल देण्याच्या शास्त्रात तज्ज्ञ असलेल्या त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी याही बरोबर होत्या.

राहावयास झोपडी, वीज नाही, पावसाळ्यात नद्यानाले भरले की बाहेरच्या जगाशी संबंध तुटे. ही गैरसोय सोसवते, आणि शहरी वाचकास बहुधा तिचेच कौतुक वाटते. खरी कसोटी निराळीच होती. दवाखाना उघडला, औषधे मांडली, पण रुग्ण येईनात. यात नवल नव्हते. रोग हा दैवी कोप, व त्यावर उतारा गावच्या मांत्रिकाकडे, अशी माडिया गोंडांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. शिवाय तोवर बाहेरून येणारा माणूस बहुधा व्यापारी तरी असे किंवा अंमलदार तरी. मूठभर मिठाच्या मोबदल्यात चारोळी मापून नेणारा तो पाहुणा त्यांनी पुरता ओळखला होता. अशांच्या जातीचा दिसणारा एक नवा मनुष्य फुकट औषध देतो म्हणतो, यावर विश्वास कोणी ठेवावा?

अपस्माराच्या झटक्यात विस्तवात पडून भाजलेला एक रुग्ण, सर्व उपाय हरल्यावर, त्यांच्याकडे आला. तो बरा झाला, ती वार्ता पाड्यापाड्यांत पोहोचली, आणि मग लोक कोसन्‌कोस चालत येऊ लागले.

आता भाषेचा प्रश्न अधिकच तीव्र झाला. माडियाला स्वतःची लिपी नव्हती, म्हणून शिकावयास क्रमिक पुस्तकही नव्हते. पोट दुखते की छाती, हे खुणेने कळेल. परंतु ताप केव्हापासून येतो, हे विचारावयाचे तर त्या लोकांची दिवस मोजण्याची रीतही ठाऊक हवी. डॉक्टरांनी ही बोली रुग्णांच्याच तोंडून उचलली. वेषही बदलला. ज्यांच्या अंगावर पुरते वस्त्र नाही, त्यांना पोशाखी मनुष्याची भीती वाटते, म्हणून अर्धी विजार व बंडी एवढाच पेहराव त्यांनी ठेविला. यात वैराग्याचा भाग थोडा, व्यवहाराचा अधिक, असे म्हणावेसे वाटते.

एके दिवशी शिकारी लोक मेलेली वानरी नेत होते, आणि तिचे जिवंत पिलू तिला बिलगलेले होते. ते खाण्यासाठीच नेत आहेत, हे ऐकून डॉक्टरांनी उपदेश केला नाही. भुकेल्या माणसास प्राणिदया शिकविणे त्यांस अशोभनीय वाटले असावे. त्यांनी पिलाच्या मोबदल्यात तांदूळ देऊ केले. तेथील सुप्रसिद्ध प्राणी अनाथालयाचा आरंभ असा झाला.

१९७६ साली शाळा निघाली. या दांपत्यास २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु त्यांची स्वतःची मुले त्याच आश्रमशाळेत माडिया मुलांच्या शेजारी बसून शिकली, हे फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही. त्यांपैकी दिगंत पुढे डॉक्टर होऊन हेमलकशासच परतले. वडिलांस जी बोली रुग्णांकडून एकेक शब्द करून मिळवावी लागली, ती त्यांच्या बालपणीच्या खेळातलीच होती.