नखावरचा अर्धचंद्र

१९३०च्या दशकातील अमेरिकन नट्यांची छायाचित्रे बारकाईने पाहिली, तर त्यांच्या नखांवरील रंगाची एक वेगळीच तऱ्हा ध्यानात येते. रंग नखाच्या मधल्या भागावरच असतो. मुळाजवळचा फिकट अर्धचंद्र मोकळा, आणि पुष्कळदा नखाचे टोकही मोकळे. या पद्धतीला 'मून मॅनिक्युअर' म्हणत. जुन्या तऱ्हेची हौस असणारे आजही ती घरी करतात. विज्ञानाच्या शिक्षकाने तिच्याकडे जरा थांबून पाहावे असे मला वाटते. कारण जिथे रंग लावायचा नाही ती जागाच इथे सर्वांत बोलकी आहे.

आपल्या अंगठ्याचे नख पाहा. मुळाशी जो पांढुरका अर्धचंद्र दिसतो, तो नख तयार करणाऱ्या पेशीथराचा दिसणारा भाग होय. या थराचा बाकीचा भाग कातडीखाली दडलेला असतो. तेथे पेशी सतत विभागतात, केराटिन या प्रथिनाने भरतात, चपट्या होतात, मरतात आणि मागून येणाऱ्या पेशींमुळे पुढे ढकलल्या जातात. नखाची पारदर्शक पट्टी म्हणजे अशा मृत पेशींचे एकमेकांवर घट्ट बसलेले थर. मधला भाग गुलाबी दिसतो तो खालच्या रक्तवाहिन्यांमुळे. अर्धचंद्राखालचा पेशीथर जाड असतो, त्यातून रक्ताचा रंग वर दिसत नाही, म्हणून तो फिकट. करंगळीवर तो बहुधा दिसतच नाही, कारण तो कातडीखाली झाकलेला असतो. 'चंद्र नाही म्हणजे अशक्तपणा' असे काही घरांत म्हणतात, त्यावर फारसा विश्वास ठेवू नये.

पहिल्या महायुद्धापूर्वी युरोप-अमेरिकेत नखे मुख्यतः घासून चमकवत. कथलाच्या ऑक्साइडची बारीक पूड नखावर टाकायची आणि मऊ कातडे लावलेल्या ठोकळ्याने घासायचे. हे तत्त्व आपल्या फरशीला पॉलिश करण्याचेच आहे. पृष्ठभागावरील उंचवटे झिजले की प्रकाश इतस्ततः विखुरण्याऐवजी एका दिशेने परावर्तित होतो, आणि वर काहीही न लावता नख चकाकते. १९११ मध्ये नॉर्थम वॉरन याने 'क्युटेक्स' नावाचे द्रव विक्रीस आणले, पण तो रंग नव्हता. नखाच्या मुळाशी चिकटलेली पातळ कातडी न कापता मऊ करून काढण्याचे ते औषध होते. रंगाची खरी वाट मोटारीच्या कारखान्यांतून आली. १९२०च्या दशकात ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजचे लवकर वाळणारे रोगण मोटारींसाठी काढले. मोटार रंगवायला आठवडे लागत, ते काम काही दिवसांवर आले. नखांचे रंगही याच नायट्रोसेल्युलोजवर उभे राहिले. १९३२ मध्ये सुरू झालेल्या रेव्हलॉन कंपनीने पारदर्शक गुलाबी छटांऐवजी रंगद्रव्याची पूड मिसळलेले, नख पूर्ण झाकणारे गडद रंग बाजारात आणले. गडद रंग आल्यावरच मोकळा चंद्र उठून दिसू लागला, हे उघड आहे.

आता कृती. नखे कोरडी असतानाच कानशीने घासून बदामी आकाराची करावीत. ओले नख मऊ असते आणि घासताना त्याचे थर सुटतात. मग बोटे कोमट साबणाच्या पाण्यात चार-पाच मिनिटे बुडवून, टॉवेलने पुसून, मुळाजवळची कातडी लाकडी काडीने अगदी हलके मागे सारावी. यानंतर लगेच रंग लावण्याची घाई करू नये. नखातून पाणी त्वचेपेक्षा सहज आत-बाहेर जाते. भिजलेले नख किंचित फुगते, आणि त्यावर रंग दिला तर नख सुकून आकसताना रंगाचा पापुद्रा मात्र तेवढा आकसत नाही. तो कडेने सुटू लागतो. अर्धा-पाऊण तास थांबणे बरे.

रंगाचे फटकारे तीन. पहिला मध्यभागी, चंद्राच्या कडेपासून टोकाकडे. उरलेले दोन दोन्ही बाजूंनी. चंद्राची कमान सुबक हवी असेल, तर फाइलमधल्या कागदाची भोके फाटू नयेत म्हणून चिकटवतात त्या गोल कड्या कामी येतात. कडी चंद्रावर लावून पुढे रंगवावे आणि रंग पुरता सुकण्याआधी ती उचलावी. टोकाचा रंग अॅसिटोनमध्ये बुडवलेल्या बारीक कुंचल्याने पुसता येतो.

रंग 'वाळतो' म्हणजे काय होते, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. बाटलीत नायट्रोसेल्युलोजच्या लांब साखळ्या इथाइल आणि ब्यूटाइल अॅसिटेटसारख्या विद्रावकांत विरघळलेल्या असतात. विद्रावक उडून गेले की साखळ्या एकमेकींत गुंतून पापुद्रा उरतो. यात नवे रासायनिक बंध तयार होत नाहीत, आणि म्हणूनच अॅसिटोन लावताच तो पापुद्रा पुन्हा विरघळतो. थर जाड दिला तर वरची साय आधी बनते, आतला विद्रावक अडकतो आणि रंग तासाभरानेही दाबला जातो. त्यामुळे एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर केव्हाही चांगले.

दोन बाबतींत मात्र जुनी तऱ्हा जशीच्या तशी उचलू नये. त्या काळी मुळाजवळची कातडी कापून टाकणे किंवा दाहक पोटॅशच्या द्रावणाने विरघळवणे नेहमीचे होते. ती कातडी निरुपयोगी नाही. नख आणि त्वचा यांच्यामधली फट बुजवणारी ती लांबी आहे, खिडकीच्या काचेला लावतात तशी. ती गेली की जिवाणू आणि बुरशी यांना थेट नखाच्या मुळाशी वाट मिळते आणि नखुरडे होते. ज्यांचे हात दिवसभर धुण्याभांड्याच्या पाण्यात असतात त्यांना, आणि मधुमेहींना, हा त्रास अधिक व चिवट होतो. दुसरी गोष्ट आगीची. नायट्रोसेल्युलोज हा स्फोटक गनकॉटनचाच कमी नायट्रेटयुक्त भाऊ, आणि अॅसिटोनची वाफ उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. शिवाय तिचा रेणुभार ५८, तर हवेचा सरासरी २९. म्हणजे ती वाफ वर न जाता टेबलावरून, जमिनीवरून सरकत जाते. शेगडी किंवा देवापुढचे निरांजन चार हातांवर असले तरी ते दूर आहे असे समजू नये. खिडकीशी बसावे.

मोकळ्या चंद्राचा एक फायदा रंग लावल्यावर आठ-दहा दिवसांनी कळतो. बोटाचे नख दिवसाला साधारण ०.१ मिमी वाढते, म्हणजे दहा दिवसांत एक मिमी. पूर्ण रंगवलेल्या नखाच्या मुळाशी तेवढी उघडी रेघ लगेच डोळ्यांत भरते. जिथे चंद्र मुळातच मोकळा आहे, तिथे तो नुसता थोडा मोठा दिसतो. टोकाकडेही तेच, रंग आधी झिजतो तो टोकाशी, आणि तिथे तो नसतोच. हे कोणी ठरवून योजले असे मी म्हणत नाही, पण पुढे सरकणाऱ्या पृष्ठभागावर ही रचना चांगली शोभते.

आपल्याकडे हेच मेंदीत दिसते. मेंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य केराटिनशी रासायनिक बंध करते, त्यामुळे अॅसिटोनने ते जात नाही. हातावरची मेंदी दोन-तीन आठवड्यांत त्वचेच्या पेशींबरोबर निघून जाते. नखावरची मात्र नखाबरोबर पुढे सरकत राहते. लग्नाला किती दिवस झाले, हे नववधूच्या नखावरून बऱ्यापैकी अंदाजता येते. मुळापासून टोकापर्यंत पोचायला सुमारे सहा महिने लागतात.

विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टरांनी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर खूण करून त्याची वाढ ३५ वर्षे मोजली आणि १९८०मध्ये ती प्रसिद्ध केली. वयाच्या ३२व्या वर्षी वेग दिवसाला ०.१२३ मिमी होता, ६७व्या वर्षी ०.०९५ मिमी. शाळेत हा प्रयोग एका सत्रात होतो. मुलांनी मेंदीचा बारीक ठिपका नखाच्या मुळाशी लावावा, कातडीच्या कडेपासून त्याचे अंतर कंपासपेटीतील कर्कटकाने घ्यावे, मोजपट्टीवर वाचावे आणि दर सोमवारी नोंदवावे. मधले बोट आणि करंगळी दोन्ही घ्यावीत, कारण लांब बोटांची नखे किंचित वेगाने वाढतात. पायाच्या अंगठ्याचे नख घेतले, तर पहिले दोन-तीन आठवडे काहीच घडत नाही असे वाटेल. ती वाढ हाताच्या निम्म्याहूनही कमी असते. ठिपका पुसट झाला तर दुसरा त्याच्यावरच द्यावा, मुळाशी देऊ नये.