आतडं राखणारा छेद

जेवण झालं की थोड्या वेळात बेंबीभोवती कळ उठते, पोटात गोळा फिरतो, गुडगुड आवाज येतो आणि वारा सरला की बरं वाटतं. संध्याकाळी कणकण असते, वजन उतरत जातं. खोकला नाही, छातीचा एक्स-रेही पुष्कळदा स्वच्छ, त्यामुळे आतड्याचा टीबी कुणाच्या डोक्यात येत नाही. आम्लपित्ताच्या गोळ्यांवर महिने जातात.

लहान आतडं मोठ्या आतड्याला जिथे मिळतं, तिथे उजवीकडे खाली हा आजार बहुधा ठाण मांडतो. जखमा आतड्याच्या घेराभोवती होतात. भरताना त्यांचा व्रण आकसतो आणि वाट अरुंद होते. औषध लागू पडत असतानाही आतडं तुंबू शकतं, ते यामुळेच.

निदानातला खरा पेच क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजाराचा. दोन्हींचं चित्र फसवण्याइतकं सारखं असतं; पण क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी फोफावतो. म्हणून कोलोनोस्कोपीत, म्हणजे आतड्यात दुर्बीण घालून, काढलेले तुकडे दोन बाटल्यांत जायला हवेत. फॉर्मलिनमधले सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, सलाइनमधले कल्चर (जंतू वाढवून पाहणं) आणि जीनएक्स्पर्ट या जनुकीय चाचणीसाठी. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात. सगळे तुकडे त्यातच टाकले तर कल्चर करताच येत नाही आणि औषधाला दाद न देणारा टीबी ओळखण्याची मोठी संधी हुकते. इतकी साधी गोष्ट आजही राहून जाते, याचा राग येतो. जंतू सापडला नाही म्हणून टीबी नाही, असंही म्हणता येत नाही. शंका दाट असेल तर औषधं सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात. टीबीच्या जखमा तोवर भरून येतात. साध्या टीबीला सहा महिन्यांचा उपचार पुरतो.

शस्त्रक्रिया लागते ती आतडं तुंबलं, फुटलं किंवा रक्तस्राव थांबेना तर. पूर्वी उजवीकडचं मोठं आतडं सरसकट काढत, किंवा आजारी भाग तसाच ठेवून वळणरस्ता जोडत. त्या बंद भागात अन्न सडे, जंतू माजत. 1977 साली कटारिया आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी टीबीच्या अरुंद जागांसाठी वेगळी वाट मांडली. अरुंद जागेवर आतड्याच्या लांबीच्या दिशेने छेद घ्यायचा आणि तो आडवा शिवायचा. वाट रुंद होते, आतडं कापून टाकावं लागत नाही. एकाच रुग्णात अशा चार-पाच जागा असल्या तर या युक्तीचं मोल कळतं, कारण लहान आतडं फार कमी उरलं की अन्न अंगी लागत नाही. पुढे ऑक्सफर्डमध्ये हीच पद्धत क्रोन्सच्या रुग्णांसाठी वापरली गेली. आपल्याकडच्या शल्यचिकित्सकांचं हे काम आपल्याच लोकांना ठाऊक नसावं, याचं वाईट वाटतं.

आतडं फुटून पोटात घाण पसरली असेल आणि रुग्ण खंगलेला असेल, तर टाके धरण्याचा भरवसा नसतो. तेव्हा खराब भाग काढून आतड्याचं तोंड पोटावर आणतात आणि त्यावर मल गोळा करणारी पिशवी लावतात. पिशवी पाहून नातेवाईक हादरतात. त्यांना आधीच सांगावं, की औषधं चालू ठेवून अंगात जोर आला, वजन वाढलं, की बहुतेकांचं आतडं काही महिन्यांनी पुन्हा जोडता येतं.