पहारेकरी जागा आहे का?

मुंबईहून नाशिककडे रेल्वेने जाताना कसारा आणि इगतपुरी यांच्या मध्ये थळ घाट लागतो. १८६५ साली या घाटातून रेल्वे इगतपुरीला पोहोचली. या घाटात ३७ मीटर पुढे गेले की रूळ १ मीटर वर चढतो. रेल्वेसाठी हा फार मोठा चढ आहे. म्हणून अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. पण खरी भीती चढताना नसते, ती उतरताना असते.

इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक लागलेच नाहीत तर काय होईल? त्यासाठी घाटात मुख्य रुळापासून फुटणारा एक वेगळा रूळ ठेवला आहे. त्याला 'कॅच सायडिंग' म्हणतात. हा रूळ चढावर जातो, त्यामुळे बेफाम गाडी त्यावर गेली की तिचा वेग कमी होतो. आता यातली खरी युक्ती पाहा. रुळाचा सांधा नेहमी या बाजूच्या रुळाकडेच वळवलेला असतो. उतरणारी गाडी ठरलेल्या जागी थांबली, ती चालकाच्या ताब्यात आहे अशी खात्री झाली, की मगच तिच्यासाठी मुख्य मार्ग जोडतात. 'आधी बंद, खात्री पटली की मगच खुला,' असा हा नियम आहे.

हाच नियम तुमच्या घरातील संगणकालाही लागू पडतो. कसा, ते आपण पाहू.

संगणक इंटरनेटला जोडला की तुम्ही जगाशी जोडले जाता. पण त्याच वेळी जगही तुमच्या घराशी जोडले जाते. बाहेरून येणाऱ्यांत सगळेच भले नसतात. म्हणून मध्ये एक पहारेकरी ठेवतात. त्याचे नाव 'फायरवॉल', म्हणजे आगीची भिंत. मोठ्या इमारतींत एका भागातील आग दुसऱ्या भागात पसरू नये म्हणून जाड भिंत बांधतात. त्यावरून हे नाव पडले.

या पहारेकऱ्याजवळ नियमांची एक यादी असते. कोणाला आत सोडायचे, कोणाला बाहेर जाऊ द्यायचे आणि कोणाला अडवायचे, हे तिच्यात लिहिलेले असते. संगणकाला क्रमांक दिलेली हजारो दारे असतात. त्यांना 'पोर्ट' म्हणतात. उदाहरणार्थ, सुरक्षित संकेतस्थळांचा व्यवहार बहुतेक ४४३ क्रमांकाच्या दारातून होतो. चांगला पहारेकरी सारी दारे बंद ठेवतो आणि गरजेपुरतीच उघडतो.

पहारेकरी नसला तर काय होते, हे जगाने पाहिले आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील एका विद्यार्थ्याने लिहिलेला 'मॉरिस वर्म' नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला. अंदाजे ६,००० संगणक त्याने अडवून टाकले. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा असाच प्रोग्रॅम विंडोज वापरणाऱ्या लाखो संगणकांत शिरला. नवलाची गोष्ट अशी, की विंडोज एक्सपीमध्ये तेव्हाही फायरवॉल होती, पण ती आपोआप चालू होत नसे. पहारेकरी घरात होता, पण झोपलेला होता! पुढे ऑगस्ट २००४ मधील सुधारणेपासून ती सुरुवातीपासूनच चालू ठेवली गेली.

आता असे समजा, की इगतपुरीत तुमचे घर आहे. अब्बूंचे स्टेशनजवळ दुकान आहे. दुकानाचा हिशेब, बँकेचे व्यवहार आणि तुमच्या बहिणीच्या परीक्षेचे अर्ज, सारे घरच्या संगणकावर आहे. भाईजानने एका जुन्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली बसवून त्याला घराचा पहारेकरी केले आहे. एका रात्री त्या संगणकाचे सॉफ्टवेअर नवे केले गेले. सकाळी उठून पाहता तर इंटरनेट बंद! अब्बूंना दुकानाची घाई आहे. तेवढ्यात कोणीतरी सांगतो, "ती फायरवॉल काढून टाका, लगेच चालेल."

त्याचे म्हणणे खरेही ठरू शकते. तारा थेट जोडल्या तर इंटरनेट चालू होईल. सगळे खूश होतील आणि पहारेकऱ्याला विसरून जातील. धोका नेमका इथेच आहे. दार बंद राहिले तर घरातले सगळे ओरडतात. दार उघडे राहिले तर कोणीच ओरडत नाही. म्हणून ही घाई करू नका. पुढील गोष्टी क्रमाने करा.

पहिली गोष्ट, वही घ्या. काय बदलले, केव्हा बदलले आणि आता काय चालत नाही, ते लिहा.

दुसरी गोष्ट, दोष खरोखर फायरवॉलचाच आहे का, ते पाहा. तार सैल झाली आहे का? यंत्रावरचे दिवे लागले आहेत का? मग आधी घरातल्याच यंत्राशी संपर्क होतो का, ते तपासा. नंतर बाहेरच्या एखाद्या यंत्राशी त्याच्या आकडी पत्त्याने संपर्क साधून पाहा. शेवटी नावाने साधा. आकडी पत्ता चालतो पण नाव चालत नाही, असे झाले तर नावाचा पत्ता शोधून देणारी सेवा अडली आहे. हे काम साधारणपणे ५३ क्रमांकाच्या दारातून चालते. तेवढे एक दार तपासले तरी पुरते.

तिसरी गोष्ट, पहारेकरी जागा आहे का आणि त्याच्या हातात यादी आहे का, ते पाहा. फायरवॉल 'चालू' दिसत असली तरी तिची यादी रिकामी असू शकते. असे का होते? लिनक्समध्ये १९९९ साली 'आयपीचेन्स' हे साधन आले. २००१ मध्ये त्याच्या जागी 'आयपीटेबल्स' आले आणि २०१४ मध्ये 'एनएफटेबल्स' आले. दर वेळी नियम लिहिण्याची पद्धत बदलली. जुन्या पद्धतीची एक ओळ नव्या साधनाला कळली नाही, तर ते कधी कधी पूर्ण यादीच नाकारते. एका शब्दाच्या चुकीमुळे सारे नियम गळून पडतात.

चौथी गोष्ट, दारांची नावे तीच आहेत का, ते पाहा. तार ज्या ठिकाणी जोडतात, त्या जागेला लिनक्समध्ये पूर्वी 'ईटीएच०' असे नाव असे. २०१३ नंतर अनेक संगणकांवर अशा जागांना 'ईएनपी३एस०' यासारखी नावे मिळू लागली. जुना नियम मात्र जुन्या नावालाच शोधत बसतो. पहारेकऱ्याला सांगितले आहे, "हिरव्या फाटकावर उभा राहा," आणि फाटकाला रंग दिला आहे निळा! तो बिचारा काय करील?

पाचवी गोष्ट, फायरवॉलची नोंदवही वाचा. तिने कोणाला, केव्हा, कोणत्या दारावर अडवले, हे त्या नोंदीत मिळते. अंदाज करण्यापेक्षा ही नोंद वाचणे बरे.

सहावी गोष्ट, एका वेळी एकच बदल करा. तो करून पाहा आणि वहीत लिहा. पाच बदल एकदम केले तर कोणत्या बदलाने काम झाले, ते कळत नाही. तपासणीसाठी फायरवॉल थोडा वेळ बंद करावीच लागली, तर इंटरनेटची बाहेरची तार आधी काढा.

एवढे करूनही जमले नाही, तर जुने सॉफ्टवेअर परत बसवता येते. पण हा कायमचा उपाय नाही. सॉफ्टवेअर नवे करतात ते बहुधा जुन्यातील भोके बुजवण्यासाठीच.

इंटरनेट सुरू झाले, म्हणजे काम संपले का? नाही. आता घराची परीक्षा बाहेरून घ्या. मोबाइलचे घरातील वाय-फाय बंद करून त्याच्या स्वतःच्या जोडणीवरून आपल्याच घराची दारे तपासा. जी दारे बंद हवीत, ती खरोखर बंद आहेत का? ही तपासणी फक्त स्वतःच्या घराची करायची असते. दुसऱ्याच्या दाराची कडी हलवून पाहणे हा गुन्हा ठरू शकतो.

आणखी एक मागचे दार लक्षात ठेवा. इंटरनेटचे जुने पत्ते सुमारे ४२९ कोटीच असू शकतात. ते अपुरे पडू लागले, म्हणून 'आयपीव्ही६' ही पत्त्यांची नवी पद्धत आली. नव्या सॉफ्टवेअरने ही पद्धत चालू केली आणि तुमची यादी फक्त जुन्या पत्त्यांसाठी असली, तर पुढच्या दारावर पहारा आणि मागचे दार सताड उघडे, अशी गत होते.

तुमच्या घरी असा वेगळा संगणक नसेल, तर फायरवॉल बहुधा इंटरनेटच्या छोट्या डब्यातच, म्हणजे राउटरमध्ये असते. त्याचे सॉफ्टवेअर नवे झाले की तीन गोष्टी पाहा. फायरवॉल चालू आहे का? तुम्ही ठेवलेला पासवर्ड कायम आहे का, की कारखान्यातील पासवर्ड परत आला? बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद आहे का?

सर्वांत सोपा उपाय मात्र बदल करण्याच्या आधीचा आहे. नियमांच्या यादीची एक प्रत दुसरीकडे जपून ठेवा. कोणती दारे का उघडी ठेवली आहेत, ते कागदावरही लिहून ठेवा. आणि इतकी काळजी घेऊनही कोणी बँकेतील पैसे लुबाडले, तर वेळ न घालवता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा.

घाटात गाडी थांबली की काही प्रवासी कुरकुर करतात. उतरण सुरू होण्यापूर्वी गाडी कोणाच्या तरी ताब्यात आहे, याची खात्री त्या थांबण्यातूनच मिळते. आपल्या घराच्या बाबतीतही थोडा उशीर झाला तरी चालेल. आज घरी गेल्यावर विचारा, "आपला पहारेकरी जागा आहे का?"